पुरात बुडालेली गाडी आयटीआयच्या वर्कशॉपला : प्रकल्प नोंदी

११ सप्टेंबर

गाडी : १२४८ सीसी, चार सिलिंडर डिझेल हॅचबॅक. केए-२३ पासिंग, म्हणजे चिकोडी आरटीओ. वय अकरा वर्षं, सध्या निपाणी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात परड्यात उभी.

झालेलं असं : जुलैअखेर बंधाऱ्याच्या वाटेवर पाणी आलं असताना गाडी पाण्यात घातली. मध्यावर इंजिन धडकन बंद पडलं. परत किल्ली फिरवली, नुसतं 'टक' झालं. रात्री पाणी चढलं आणि गाडी डॅशबोर्डच्या खालच्या कडेपर्यंत तीन दिवस बुडून राहिली. वेदगंगा-दूधगंगेवरचे अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, भोज-कारदगा हे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जाणारच, त्यामुळे या पट्ट्यात अशा गाड्या नव्या नाहीत.

विमा कंपनीचं नकाराचं पत्र ९ सप्टेंबरचं. कारणं दोन. एक, इंजिनचं नुकसान पुराने थेट झालेलं नाही, पाण्यात गाडी चालवल्याचा तो परिणाम आहे, आणि पॉलिसीत इंजिन संरक्षणाचं जादा कलम घेतलेलं नाही. दोन, खबर सतरा दिवस उशिरा दिली.

पहिलं कारण इंजिनपुरतं टिकतं. पॉलिसीचं शेड्यूल पाहिलं, जादा कलम खरंच नाही. पण सीट, वायरिंग, कार्पेट, मीटर, स्टार्टर यांचं नुकसान रात्रभर चढलेल्या पाण्याने झालंय, आणि साध्या पॅकेज पॉलिसीत पूर हा मान्य धोका आहे. इंजिनचं कारण दाखवून सगळाच क्लेम फेटाळणं बरोबर नाही. दुसरं कारण आणखी लंगडं. विमा नियामक प्राधिकरणाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे : केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये.

मालकांचा विचार गाडी कुणा संस्थेला देऊन टाकायचा. विचार चांगला, पण आज गाडी हलवायची नाही. पूर्ण नुकसान धरून कंपनीने पैसे दिले तर साधारणपणे गाडीचा सांगाडा कंपनीच्या ताब्यात जातो किंवा त्याची किंमत रकमेतून वजा होते. म्हणजे क्लेमचा निकाल पक्का होईपर्यंत दान करायची वस्तू नक्की कुणाची, हेच ठरलेलं नसतं. आधी क्लेम, मग आरसी, मग गाडी. हा क्रम उलटला की माणूस अडकतो.

१३ सप्टेंबर

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. मागणी दोनच ओळींची : इंजिन वगळून बाकीच्या नुकसानीचा हिशेब करा, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्या. ही प्रत विमाधारकाने मागितली तर मिळते. बहुतेक जण मागतच नाहीत आणि मग कशावर भांडायचं ते कळत नाही. तीच तक्रार नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही टाकली.

१६ सप्टेंबर

पुरावा गोळा करण्याचा दिवस. गाडी एकदा धुतली की यातलं काहीच उरत नाही.

फोटो काढले ते असे : दाराच्या आतल्या बाजूची गाळाची रेघ, शेजारी टेप धरून, ओडोमीटर, चॅसी नंबर, एअर फिल्टरचा डबा उघडून, फ्यूज बॉक्स, सीट उचलून खालचं कार्पेट. एअर फिल्टरच्या घड्यांत काळा गाळ बसलाय आणि डब्याच्या तळाशी बोटभर पाणी अजून आहे. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी मिसळलंय.

पुराच्या गाळात हात घालताना रबरी हातमोजे आणि गमबूट हवेतच. लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) धोका असतो, हाताला चीर असेल तर जास्तच. सीटच्या फोमला बुरशी धरलीय, तिथे मास्क.

१८ सप्टेंबर

इंजिनची तपासणी. ऑइल काढलं, स्वस्तातलं तीन लिटर नवीन भरलं, फिल्टर बदलला. ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढायचे होते. ते जोर लावून काढायचे नसतात, मोडून हेडमध्येच (सिलिंडरवरच्या झाकणात) राहतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं आणि सकाळी थोडं मागे, थोडं पुढे करत सोडवले. चारही शाबूत निघाले.

क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून हाताने दोन पूर्ण फेरे दिले. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकातून मातकट पाण्याची पिचकारी आली. मग चांगली बॅटरी जोडून सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. वाचन १ ते ४ : २४, २३, १८, २४ बार.

तिसऱ्याचा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वाकलाय, यात शंका नाही. हिशेब सोपा आहे. एका सिलिंडरचं आकारमान १२४८ भागिले ४, म्हणजे ३१२ सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट) सुमारे १८:१ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३१२ भागिले १७, म्हणजे जेमतेम १८ मिली. चहाचे चार चमचेसुद्धा नाहीत. एवढ्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर जायला वाव राहत नाही, कारण हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही. इंजिन फिरतं असेल तर तो सगळा धक्का रॉड खातो. त्यानंतर किल्ली फिरवली की नुसतं 'टक' होतं, ते याचमुळे.

गॅरेजचा अंदाज : इंजिन १,१०,०००, वायरिंग आणि इलेक्ट्रिकल ६२,०००, आतली सफाई आणि सीट २८,०००. एकूण दोन लाख. गाडीची विमा घोषित किंमत १,९०,०००. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात, म्हणजे इथे १,४२,५०० ची रेघ. इंजिन वगळलं तर ९०,०००, रेघेच्या बरंच खाली. म्हणून मागणी आंशिक नुकसानीचीच. त्यात सांगाडा मालकांकडेच राहतो आणि दानाचा रस्ता मोकळा राहतो.

४ ऑक्टोबर

कंपनीचं उत्तर आलं : नकार कायम. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मात्र मिळाली. त्यात आतलं आणि इलेक्ट्रिकल नुकसान 'पुराच्या पाण्याने' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. आपल्या बाजूचा सगळ्यात मोठा कागद तो हाच.

पुढचा टप्पा विमा लोकपाल. नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, फी नाही, वकील लागत नाही. कर्नाटकासाठी बंगळूरचं कार्यालय. सीमाभागातल्यांना एक गोष्ट उपयोगी : तक्रार राहत्या पत्त्याच्या हद्दीत करता येते, तशीच ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे तिच्या हद्दीतही. पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून घेतलेली असेल तर पुण्याच्या लोकपालाकडे जाता येतं. ही पॉलिसी बेळगावातल्या शाखेची, त्यामुळे बंगळूर.

६ ऑक्टोबर

लोकपालाकडे तक्रार दाखल. सोबत कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस : 'गाडी २३ ऑक्टोबरपर्यंत जागेवर आहे, पुन्हा पाहायची असल्यास त्याआधी पाहावी, नंतर विल्हेवाट लावली जाईल.' या नोटिशीशिवाय गाडी दिली तर पुढे पुरावा नष्ट केल्याचा ठपका येऊ शकतो. शिवाय दोन भंगारवाल्यांकडून तारीख-सहीनिशी दर घेतले : ३८,००० आणि ४१,०००. उद्या सांगाड्याच्या किमतीचा प्रश्न निघाला तर हे कागद बोलतील.

९ ऑक्टोबर

कुणाला द्यायची?

गावाजवळच्या एका संस्थेला रुग्णांची ने-आण करायला गाडी हवी होती. त्यांना ही देऊ नये असं आमचं स्पष्ट मत. दोन लाख घातल्याशिवाय ती चालणार नाही, आणि पाण्यात बसलेलं वायरिंग बदललं तरी कनेक्टरमध्ये हिरवा गंज महिनोन्‌महिने त्रास देतो. रुग्ण आत असताना घाटात गाडी बंद पडली तर काय? संस्थेच्या अंगणात सडणारी गाडी म्हणजे दान नव्हे, तो आपल्या डोक्यावरचा भार त्यांच्या डोक्यावर ठेवणं झालं.

दुसरा पर्याय भंगारात विकून रक्कम देणगी द्यायची. आयकरात सूट हवी असेल तर हाच एक मार्ग. ८०जी ची (१९६१ च्या आयकर कायद्यातलं देणगीच्या सवलतीचं कलम) सूट फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. गाडीची किंमत कितीही लावून पावती घेतली तरी उपयोग शून्य. रोख दोन हजारांवर दिली तरी सूट नाही, चेक किंवा बँकेतूनच द्यायची, संस्थेकडून फॉर्म १०बीई (देणगीचा दाखला) घ्यायचा, आणि जुनी करपद्धत निवडलेली असायला हवी. मालकांची करपद्धत नवी, त्यामुळे ४१,००० वर सूट काहीच मिळणार नव्हती.

तिसरा पर्याय ठरला : बेळगावात एका धर्मादाय ट्रस्टचं आयटीआय आहे, तिथे मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड चालतो. मुलांना उघडायला कॉमनरेल (एकाच सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल फवारणारं) डिझेल इंजिन नाही. आपल्याकडच्या इंजिनात नेमका बिघाड शिकवण्याजोगा आहे. चालू गाडी म्हणून हिची किंमत काही नाही, वर्कशॉपच्या टेबलावर मात्र मोठी आहे.

१३ ऑक्टोबर

परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर आरसीचा तपशील काढला. तीन अडथळे.

१. एका सौहार्द (सहकारी) सोसायटीच्या कर्जाचा बोजा अजून आरसीवर आहे. कर्ज सहा वर्षांपूर्वी फिटलंय, पण बोजा कुणी उतरवलाच नाही. हे घरोघरी आढळतं. फॉर्म ३५ च्या (बोजा उतरवण्याचा अर्ज) दोन प्रतींवर सोसायटीचा सही-शिक्का आणि एनओसी लागेल.

२. दोन ई-चलन थकलेली, एकूण १,५००. भरली.

३. फास्टॅग चालू. गाडी जाईपर्यंत राहू द्या, गेल्याच दिवशी बंद करून काचेवरून खरवडून काढायचा.

विमा पॉलिसी रागाच्या भरात रद्द करू नका. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला तरी थर्ड पार्टी विमा चालूच असतो, आणि नाव बदलताना आरटीओत वैध विमा दाखवावा लागतो. नाव बदललं की तो विमा कायद्याने नव्या मालकाकडे गेला असं धरतात. त्यांनी १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र गाडीचा नसतो, माणसाचा असतो. क्लेमचे पैसे मिळालेले नाहीत, म्हणजे बोनस शाबूत आहे. कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवलं की तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला लावता येतो. आता लोकपालाकडून रक्कम मिळाली तर हे गणित बदलेल, हे मालकांना सांगून ठेवलं.

एमएच-०९ पासिंगच्या गाड्या निपाणी-चिकोडीकडे पुष्कळ आहेत. तशी गाडी असेल तर कर्नाटकातल्या संस्थेला देण्याआधी कोल्हापूर आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते आणि इकडे कराचा प्रश्न उभा राहतो. बंद गाडीसाठी एवढा खटाटोप करू नये. कागल, गडहिंग्लज, चंदगडकडची संस्था बघावी.

१९ ऑक्टोबर

सोसायटीचा सही-शिक्का मिळाला. तीन खेपा झाल्या, कारण जुन्या खतावणीत मालकांचं नाव वडिलांच्या नावासकट आणि आरसीवर नुसती आद्याक्षरं. आधार, पॅन, आरसी या तिन्हींवरची नावं आधीच जुळवून पाहावीत. कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येता येता आडनावाचं एखादं अक्षर हमखास बदलतं. शेवटी एकाच व्यक्तीची दोन्ही नावं असल्याचं नोटरी प्रतिज्ञापत्र केलं.

२१ ऑक्टोबर

चॅसी नंबरचा पेन्सिल छाप. दिसायला लहान काम, पण अर्ज परत येतो तो यापायीच. नंबराच्या जागेवर गाळ आणि गंज. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर चालवायचा नाही, अक्षरांची खोली जाते आणि खाडाखोडीचा संशय येतो. रॉकेलात भिजवलेली चिंधी दहा मिनिटं ठेवली, जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं केलं. पातळ कागद वर धरून चिकटपट्टीने दोन्हीकडून ताणला आणि पेन्सिलचं शिसं आडवं धरून एकाच दिशेने घासलं. सतरा अक्षरं-आकडे पूर्ण उठले पाहिजेत. यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच, त्यामुळे गोल दिसेल ते शून्यच. चार छाप घेतले, दोन अर्जाला, दोन जवळ.

२४ ऑक्टोबर

नोटिशीची मुदत संपली. कंपनीकडून कुणी आलं नाही.

ट्रस्टचा ठराव आला : वाहन स्वीकारण्याचा, आणि सही कोण करणार त्याच्या नावासह. नाव बदलण्यासाठीच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर दोन्हीकडच्या सह्या झाल्या. एकाच राज्यात नाव बदलत असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

जंगम वस्तूचं दान नोंदणीकृत दस्ताशिवाय, नुसत्या ताब्यानेही पूर्ण होतं. तरी दानपत्र केलंच. त्यात 'जशी आहे तशी, रस्त्यावर चालवण्यायोग्य नाही, प्रशिक्षणासाठी' हे शब्द घातले आणि विमा लोकपालाकडच्या तक्रारीतून येणारी रक्कम देणाऱ्याचीच राहील असंही कलम टाकलं. ताबा पावतीवर तारीख, वेळ, ओडोमीटर.

एवढा कागद कशाला, असं मालकांच्या घरून विचारलं गेलं. कारण आरसीवर ज्याचं नाव, कायद्याच्या नजरेत मालक तोच. गाडी विकली, ताबा दिला, पण नाव बदललं नाही, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. ही गाडी चालणारी नाही हे खरं, पण तिचा नंबर आणि कागद चालणारे आहेत.

१ नोव्हेंबर

गाडी हलवली. निपाणी ते बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, वाटेत तवंदी आणि वंटमुरी हे दोन घाट. फ्लॅटबेडच घ्यायची, पुढची चाकं उचलून ओढायची नाही, कारण मागची चाकं जाम होती. पुरात हँडब्रेक ओढलेला राहिला आणि मागच्या ब्रेकच्या ड्रमला लायनर (ब्रेकच्या घासपट्ट्या) चिकटले. ॲडजस्टर सैल करून ड्रमच्या कडेने हातोडीने फिरत फिरत ठोकलं तेव्हा डावं सुटलं. उजवं सुटेना, त्या चाकाखाली ट्रॉली घातली. टायरमध्ये हवा भरून नेली होती म्हणून विंचने चढवताना त्रास झाला नाही. चार पट्टे चारही चाकांवरून बांधले, सस्पेन्शनला नाहीत.

टोइंगचे ६,५०० मालकांनी दिले. गाडी पोचवायचा खर्च देणाऱ्याचाच असावा.

४ नोव्हेंबर

वर्कशॉपमध्ये मुलांचा हात लागण्याआधी गाडी निर्धोक करणं.

बॅटरीची निगेटिव्ह आधी, मग पॉझिटिव्ह. एअरबॅगला हात लावण्याआधी दहा मिनिटं थांबलो. एअरबॅग दोन, सीटबेल्टचे ताण देणारे स्फोटक भाग दोन. पिवळे कनेक्टर म्हणजे हेच. यांना मल्टिमीटर लावायचा नाही, तेवढ्या विजेनेही उडू शकतात. काढून, तोंड वर करून, कुलूपबंद कपाटात. वर्गात जिवंत एअरबॅग ठेवायची नाही, यावर आयटीआयच्या निदेशक (शिकवणाऱ्या) सरांशी पक्कं बोलणं झालं.

एसीत गॅस शिल्लक होता. पाइप सैल करून हवेत सोडू नये, एसीवाल्याकडून मशीनने काढून घेतला. टाकीतून डिझेल २२ लिटर निघालं, बादलीत रात्रभर ठेवलं तर तळाला चार-साडेचार लिटर पाणी. कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. काळं ऑइल अधिकृत रिसायकलरसाठी वेगळ्या कॅनमध्ये.

सीट, कार्पेट, वायरिंग हार्नेस शिकवण्याच्या कामाचे नाहीत, फेकायच्या यादीत. इंजिन ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा) कनेक्टर मात्र उघडून तसाच ठेवला; पिनांवरचा हिरवा गंज मुलांना दाखवायचाय.

१५ नोव्हेंबर

हेड उतरवलं. डायल गेजने पिस्टनची वरची उंची मोजली : १, २, ४ एकमेकांशी ०.०५ मिमीच्या आत जुळतात, तिसरा १.३ मिमी खाली. बोअर ६९.६ मिमी, म्हणजे वरची जागा सुमारे ५ मिलीने वाढली; १८ ची २३ झाली. १८ सप्टेंबरला गेजने १८ बार दाखवले होते ते यामुळे. दोन्ही मोजमापांचे फोटो लोकपालाच्या फाइलला जोडले. इंजिनचा भाग आपण मागितलेलाच नाही, पण आपण काहीच लपवत नाही हे दिसलेलं बरं.

आराखडा : पहिल्या सिलिंडरवर ब्लॉकला खिडकी कापायची, तिसऱ्याचा वाकडा रॉड सरळ रॉडच्या शेजारी बोर्डावर. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याला साधा लोखंडाचा ग्राइंडर डिस्क लावला तर धातू डिस्कमध्ये भरतो आणि डिस्क फुटू शकतो. ॲल्युमिनियमचा वेगळा डिस्क घ्यायचा. गिअरबॉक्स, स्टीअरिंग रॅक, एक ब्रेक ड्रम, स्टार्टर, अल्टरनेटर सुटे करून ठेवले. पुढचा स्ट्रट (दाबलेली स्प्रिंग बसवलेला शॉकअब्सॉर्बर) स्प्रिंग कंप्रेसरशिवाय उघडू नये म्हणून त्यावर लाल पट्टी.

बॉडीवरचा चॅसी नंबराचा भाग कुणीही कापायचा नाही. वाहन कायमचं निकामी झालं की नोंदणी रद्द करण्यासाठी कळवणं हे त्या वेळच्या मालकाचं, म्हणजे आता ट्रस्टचं काम, आणि आरटीओने पाहीपर्यंत तो नंबर जागेवर हवा.

२८ नोव्हेंबर

आरसी ट्रस्टच्या नावावर झाली. पोर्टलवर मालकाचं नाव बदललेलं पाहूनच मालकांनी फास्टॅगची शिल्लक परत मागितली आणि बोनसच्या पत्रासाठी अर्ज दिला.

६ डिसेंबर

बोर्ड भिंतीवर लागला. डावीकडे सरळ रॉड, उजवीकडे वाकडा, मधे औषधाचा मापाचा कप, त्यात १८ मिलीच्या रेघेपर्यंत पाणी. निदेशक सरांच्या सांगण्यावरून कपावर झाकण बसवलं. पाणी उडून जातं, दर सोमवारी रेघ बघून भरायचं.

बाकी राहिलेलं : ब्लॉकची खिडकी, नोंदणी रद्दचा अर्ज, लोकपालाची सुनावणी.